चार दिवसांचा नागरिक

दुबईतल्या आमच्या कुसैसच्या इमारतीत कॅरिबियनमधल्या तीन निरनिराळ्या बेटांचे नागरिक राहतात. एक मालेगावचे, एक मंगलोरचे आणि चौथ्या मजल्यावर आम्ही, मूळचे रत्नागिरी-रायगडचे. यांपैकी एकालाही आपलं बेट नकाशावर बोट ठेवून दाखवता येणार नाही. लिफ्टमध्ये भेटलो की आम्ही एकमेकांच्या देशांची चौकशी करतो, म्हणजे त्यांच्या पासपोर्टवर कुठे कुठे व्हिसा लागत नाही ते विचारतो.

आमचा देश माझ्या नवऱ्याने विकत घेतला. मुश्ताक परकार रास अल खोरच्या घाऊक बाजारात कांदे-बटाटे विकतात. बाजारात सगळे त्यांना शेठ म्हणतात. घरी मी ‘अहो’ म्हणते, पण या गोष्टीत शेठच म्हणणार आहे, कारण त्या बेटावर ते नवरा म्हणून नव्हे, शेठ म्हणूनच गेले होते.

शेठ दुबईत आले त्यानंतर अकरा वर्षं त्यांचं घड्याळ भारताच्या वेळेवर होतं. आखातात नव्याने आलेल्यांची ही जुनी खोड. वेळ विचारली की मनातल्या मनात दीड तास वजा करून सांगायचे. मग बाजारात स्वतःच्या नावावर मालाची शेड झाली. त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर बसून काटे मागे घेतले आणि म्हणाले, “आता हे घड्याळ कधीच बदलायचं नाही. आपण आता इथले.” इथले! व्हिसा दर दोन वर्षांनी संपतो, आणि माझ्या व्हिसावर तर नावाखाली छापलेलं असतं: गृहिणी, काम करण्यास परवानगी नाही, स्पॉन्सर मुश्ताक परकार. म्हणजे त्यांचा व्हिसा आहे तोवरच माझा. पण घड्याळाचा शब्द त्यांनी पाळला. हजला गेले तरी दुबईची वेळ, लेकीला घेऊन लंडन बघायला गेले तरी दुबईची वेळ. त्या घड्याळाला तीनच्या आकड्याजवळ तारखेची छोटी खिडकी आहे. शेठचा तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास.

पासपोर्ट घ्यायचं ठरलं ते एका विमानतळावर. शेठना तीन तास बाजूच्या रांगेत उभं केलं होतं, आणि त्यांच्याच बाजारातला एक बटाटेवाला दुसऱ्या रंगाचा पासपोर्ट दाखवून शीळ घालत निघून गेला. तो अपमान त्यांना बाजारातल्या कुठल्याही तोट्यापेक्षा जास्त लागला. वर्षभरात पैसे भरून आम्ही तिघं, ते, मी आणि आमची माहनूर, एका बेटाचे नागरिक झालो. भारताचे पासपोर्ट परत केले त्या दिवशी शेठ वकिलातीबाहेर गाडीत दहा मिनिटं स्टिअरिंग धरून बसले होते. मला रडू येत होतं, पण तेव्हा दोघांपैकी एकाने तरी शहाण्यासारखं वागायला हवं होतं.

बेटाची अट एकच होती. शपथ घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत प्रत्येकाने पाच दिवस बेटावर राहायचं. नाही राहिलं तर नागरिकत्व खलास, पुढचा पासपोर्ट मिळणार नाही. आमची मुदत यंदाच्या पाच ऑगस्टला संपत होती.

शेठनी चार वर्षं चालढकल केली. कधी कांद्याची निर्यात बंद झाली, कधी चालू झाली. शेवटी सल्लागार कंपनीतली काव्या, कोणालाही नागरिक करून सोडील अशी गोड पोरगी, दर आठवड्याला फोन करू लागली.

“सर, ॲरायव्हलचा दिवस धरतात, डिपार्चरचा पण धरतात. टोटल फाइव्ह डेज, प्रत्येकाचे वेगळे मोजतात. पण डेट चुकली तर आयलंड माफ करत नाही.”

“पाच दिवस तिथे करायचं काय?” शेठनी विचारलं.

“रिलॅक्स, सर! व्हेरी क्वाएट प्लेस.”

तिने माहितीपत्रकातलं चित्र दाखवलं. लांबलचक किनारा, त्यावर एक खुर्ची. शेठना ती खुर्ची पसंत पडली. एक ऑगस्टला पोचायचं, सहाला सकाळी निघायचं, अशी तिकिटं निघाली. ती काढली शेठच्या भाच्याने, नोमानने, जो शेडचं सगळं ऑफिस बघतो. ऑफिसचा एक कडक नियम आहे: जगात कुठेही काही होवो, शेठना वेळ दुबईचीच सांगायची. तुर्कस्तानातून ट्रक निघाला तरी दुबईची वेळ, नाशिकला लिलाव झाला तरी दुबईची. ई-तिकिटावर काय छापलंय ते नोमान वाचतो. शेठ ऐकतात.

तीस तासांच्या प्रवासानंतर आम्ही आमच्या देशात उतरलो. विमानतळावर सात-आठ माणसं पत्र्याच्या पिंपांसारखी वाद्यं वाजवत होती, आणि डोक्यावर मोरपिसाऱ्याएवढा लाल पिसारा लावलेली एक धिप्पाड बाई सगळ्यांच्या हातात सरबताचे पेले देत होती. अंगावर पिसांखेरीज फारसं काही नव्हतं. शेठनी नजर जमिनीवर ठेवली आणि खूश होऊन म्हणाले, “बघितलंस? इन्व्हेस्टर लोकांचं स्वागत.”

“अब्बा, इट्स कार्निव्हल,” माहनूर म्हणाली. “द होल आयलंड इज डूइंग इट. अँड दॅट ड्रिंक हॅज रम इन इट.”

शेठनी पेला कचराकुंडीवर ठेवला. बेटाचा सर्वांत मोठा उत्सव, उन्हाळ्यातला, बरोबर या पाच दिवसांचा. व्हेरी क्वाएट प्लेस.

इमिग्रेशनच्या खिडकीत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी आमचे पासपोर्ट पाहिले, मान वर केली आणि हसून म्हणाल्या, “वेलकम होम! मागच्या वेळी घरी कधी आला होतात?”

“फर्स्ट टाइम,” शेठ म्हणाले.

त्या बाईंना इतकं हसू आलं की त्यांनी शेजारच्या खिडकीतल्या माणसालाही सांगितलं. शेठ मात्र ताठ उभे. आपल्याच देशात आपल्याला हसावं, ही त्यांना कायद्याबाहेरची गोष्ट वाटली असावी.

हॉटेलं भरलेली, म्हणून काव्याने एका घरातल्या वरच्या दोन खोल्या मिळवल्या होत्या. घरमालकीण मिस ऑर्लीन, सत्तरीच्या, सडसडीत, शाळेत मास्तरीण होत्या. त्या बेटावर रीत अशी, की कोणाशी काही बोलायचं तर आधी दिवसाचा नमस्कार करायचा. दुकानात शिरलात, बसमध्ये चढलात, पोलिसाला रस्ता विचारलात, तरी आधी ‘गुड मॉर्निंग’ नाहीतर ‘गुड आफ्टरनून’. त्याशिवाय समोरच्याला तुम्ही दिसतच नाही. विमानतळाबाहेर शेठनी दुबईच्या सवयीने “बॉस! बॉस! टॅक्सी!” असा पुकारा सुरू केला आणि बारा टॅक्सीवाल्यांपैकी एकालाही ते दिसले नाहीत. तेराव्याला मी ‘गुड आफ्टरनून’ म्हटलं आणि त्याने सामान उचलून गाडीत ठेवलं.

त्यात पुन्हा शेठची वेळेची पंचाईत. बेटावर सकाळचे नऊ म्हणजे घड्याळात संध्याकाळचे पाच. दुसऱ्या दिवशी मिस ऑर्लीन नाश्त्याला बोलवायला आल्या, तर शेठनी मनगट पाहून त्यांना ‘गुड ईव्हनिंग’ केलं. बाईंनी चष्मा नाकावर खाली घेऊन त्यांच्याकडे पाहिलं. शाळेत असल्या मुलांना त्या कुठे उभं करत असतील ते मला दिसलं.

“अहो, घड्याळ इथल्या वेळेवर लावा ना,” मी म्हटलं.

“पाच दिवसांसाठी?” शेठ म्हणाले. “तिथे माझा बाजार भरतो पहाटे चारला. तो काय इथल्या टाइमवर भरणार?”

आणि खरंच, बेटावर रात्रीचे आठ वाजले की रास अल खोरचा बाजार भरायचा. शेठ फोन घेऊन गॅलरीत यायचे आणि शेजारच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात कांदा विकायचे. रात्रभर धंदा, दिवसभर झोप. बाहेर रस्त्यावर ट्रकवर ट्रक, ट्रकवर माणसाच्या उंचीचे स्पीकर, मागे नाचणारी माणसं, खिडक्यांच्या काचा थरथरतायत, आणि आत शेठ कानात कापूस घालून, पडदा ओढून पडलेले. त्यांनी आपला देश जो काही पाहिला तो पडद्याच्या फटीतून. जेवणही तसंच. मटण हलाल नसेल म्हणून घरून आणलेला पाव आणि डब्यातला ट्यूना.

मी मात्र दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात शिरले. मिस ऑर्लीन खारवलेला मासा उकळत होत्या. तो वास आला आणि मी म्हसळ्यातल्या माझ्या आईच्या चुलीपाशी पोचले. बॅगेतून सुकट काढली, कांद्यावर परतली, त्यांना वाढली. त्यांनी मला त्यांचा मासा वाढला. आम्हा दोघींना एकमेकींचं अर्धं बोलणंच कळत होतं, पण जेवणात काही अडलं नाही. त्यांच्या अंगणात आंब्याचं झाड होतं, आणि आंबे धपाधप पडत होते. शेठ फक्त त्यासाठी खाली आले. एक आंबा हुंगला, दाबला, देठ पाहिला.

“मॅडम, व्हॉट इज द रेट?”

“रेट?” मिस ऑर्लीन म्हणाल्या. “मिस्टर, आंबा आहे तो. बादली घ्या आणि जा.”

शेठ बादली घेऊन वर गेले, पण दुखावल्यासारखे. ज्या देशात आंब्याला भाव नाही, त्या देशाचा पासपोर्ट आपण एवढ्या किमतीला घेतला, हे त्यांना पटत नव्हतं.

माहनूर बावीस वर्षांची आहे, दुबईत वाढलेली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. तिने पाच तारखेच्या मोठ्या मिरवणुकीत आम्हा दोघींची नावं दिली होती. पिसांचा पोशाख घेऊ म्हणाली, तर शेठनी किंमत विचारली.

“एट हंड्रेड दिरहम्स, रफली.”

“आठशे दिरहम! म्हणजे एकोणीस हजार रुपये! पिसांचे? एवढ्यात आख्ख्या कोंबड्या येतील!”

“अब्बा, रिलॅक्स. वी आर डूइंग द टी-शर्ट वन.”

मिरवणुकीत साधा रंगीत टी-शर्ट घालून चालणाऱ्यांचाही एक जथा असतो. मी लांब बाह्यांचा मागवला आणि डोक्याला त्याच रंगाची ओढणी ठरवली. या वयात मी रस्त्यावर नाचायला निघाले, हे नणंदेला, शारजातल्या हाफिजाला, कळलं तर तिला दोन दिवस अन्न गोड लागणार नव्हतं. तो विचार मला फार आवडला.

चार तारखेच्या पहाटे तिथली माणसं अंगाला चिखल, रंग आणि पावडर फासून रस्त्यावर येतात. सूर्य उगवेपर्यंत गोरा, काळा, सावळा काही ओळखू येत नाही. माहनूर आणि मी बघायला म्हणून फाटकात उभ्या राहिलो. लहानपणी म्हसळ्यात शिमग्याला सोंगं यायची, ढोल यायचे, आणि अम्मी मला आत ओढून दार लावायची. फटीतून जेवढं दिसेल तेवढा माझा शिमगा. मला रंग नको होता, मला फक्त दार उघडं हवं होतं. इथे फाटक उघडंच होतं. एक जाडसा माणूस निळ्या रंगाची बादली घेऊन थांबला, म्हणाला, “गुड मॉर्निंग, मॅडम. लावू का?” विचारून लावतात, बरं का. मी गाल पुढे केला. मग काय झालं ते नीट आठवत नाही. आठच्या सुमाराला आम्ही परत आलो तेव्हा मी कोपरापर्यंत निळी होते आणि माझा घसा ओरडून बसला होता. एवढी खूश मी कधी झाले होते ते आठवेना, आणि आठवेना याचं वाईटही वाटलं.

वर शेठ फोनवर होते. दुबईला जबल अलीच्या बंदरात कांद्याचे दोन कंटेनर अडकले होते आणि कागदांवर शेठची स्वतःची सही लागणार होती. ते नोमानला म्हणत होते, “मला दुबई टाइम सांग. इथला नको. हां. पाच तारीख, पहाटे दोन. खलास. बुक कर.”

फोन ठेवून त्यांनी मला पाहिलं. निळ्या बायकोबद्दल काहीही न बोलता म्हणाले, “माझी फ्लाइट बदलली. पाच तारखेला निघतो. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच दिवस फुल. तुम्ही दोघी सहाच्याच विमानाने या, उगाच तिकिटं कशाला बदलायची. बघा काय तमाशा बघायचा तो.”

मी अंघोळीला गेले. डोक्यावरून निळं पाणी वाहत असताना मला ते सुचलं. दुबईतल्या पाच तारखेची पहाट म्हणजे इथली चार तारखेची संध्याकाळ. मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. इथल्या हिशोबाने चारच दिवस होत होते.

सव्वाचारला टॅक्सी दारात आली. माहनूर टी-शर्ट आणायला गावात गेली होती. शेठ बॅग घेऊन जिना उतरले. मी फाटकात त्यांना गाठलं.

“अहो, आज चार तारीख आहे.”

“काय?”

“इथे आज चार तारीख आहे. तुमचे चारच दिवस झाले. उद्याचा दिवस राहा.”

शेठनी मनगट माझ्या डोळ्यांसमोर धरलं. काटे सव्वाबारावर होते आणि खिडकीत आकडा नुकताच सरकला होता. पाच.

“बघ. काय दिसतंय? पाच ना? तीस वर्षं या घड्याळावर कारभार केला मी. कंटेनर बंदरात सडतोय आणि तू मला तारीख शिकवतेस? तुला नाचायचंय तर नाच, मला नको थांबवू. यल्ला, चल, ड्रायव्हर!”

टॅक्सीवाला खिडकीबाहेर बघत बसला होता. शेठना तो दिवसाचा नमस्कार अजूनही सुचला नव्हता.

आता खरं सांगते. मी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. टॅक्सीच्या दाराला लटकता आलं असतं. माहनूरला फोन करता आला असता, त्या चुलबुल्या पोरीने बापाला नकाशा काढून समजावलं असतं. नोमानला कळवता आलं असतं. पण ‘तुला नाचायचंय’ हे माझ्या कानात बसलं. सव्वीस वर्षं या माणसाला मी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत आले. औषध घ्या, औषध घ्या. ब्रेक लावा, ब्रेक लावा. तीनदाही सांगितलंय. त्या संध्याकाळी माझा सांगण्याचा साठा संपला. मी टॅक्सीवाल्याला ‘गुड आफ्टरनून’ म्हटलं आणि तो लगेच निघाला.

दुसऱ्या दिवशीची मिरवणूक मी कशी सांगू? चार तास आम्ही एका ट्रकच्या मागे चाललो. ऊन रास अल खोरइतकंच, पण तिथे उन्हात माणसं सावली शोधत नव्हती. पिसारेवाल्या बायका, पोटं सुटलेल्या, पाय सुजलेल्या, म्हाताऱ्यासुद्धा, अशा चालत होत्या की जणू रस्ता त्यांच्या आजोबांनी बांधलाय. बांधलाच असेल. आमच्या जथ्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “पाहुण्या का?”

“सिटिझन्स!” माहनूर छाती काढून म्हणाली.

म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या आणि मागे बोट दाखवलं. “मग ते बघा, तुमचे लोक येतायत.”

मागून सोंगांचा एक जथा येत होता. वीसेक माणसं, त्या उकाड्यात काळे सूट घातलेली, गळ्यात टाय, एका हातात चाकांची बॅग, आणि दोन्ही मनगटांवर कोपरापर्यंत पुठ्ठ्याची सोनेरी घड्याळं. दर दहा पावलांना ती सगळी थांबायची, मनगट डोळ्यांसमोर धरायची आणि एका सुरात ओरडायची, “झाले का पाच दिवस? झाले का पाच दिवस?” मग पासपोर्टएवढ्या वह्या काढून चाटायची, छातीशी धरायची आणि बॅगा ओढत उलट्या दिशेला पळायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं हसून हसून कंबर धरत होती.

मीही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आणि मग ते पाणी थांबेना. शेठ त्या वेळी समुद्रावर कुठेतरी असणार होते, घड्याळात सहा तारीख घेऊन. त्या माणसाचं सोंग एवढं हुबेहूब काढणाऱ्यांचा मला राग आला. त्यांनी त्याला गाडीत स्टिअरिंग धरून बसलेला पाहिला नव्हता. आणि पाच तारीख अजून संपायची होती, पण आता सांगून उपयोग नव्हता. मला भीती वाटली. पासपोर्टपाठोपाठ शेठचा व्हिसा गेला तर माझाही जाणार होता, हे मी फाटकात उभी असताना विसरले नव्हते. ठाऊक असून गप्प बसले होते.

“अम्मी, आर यू क्राइंग?”

“पावडर गेली डोळ्यात,” मी म्हटलं आणि पुढे चालू लागले.

दुबईत परतलो तर शेठ शारजात हाफिजाच्या बैठकीत कार्निव्हलवर व्याख्यान देत होते. “काय म्युझिक! काय लोक! अरे, पाच दिवस कसे गेले कळलंच नाही.” हाफिजाकडे दुसऱ्या बेटाचा पासपोर्ट आहे, तिथे जायची अट नाही, याचा तिला फार अभिमान, पण त्या दिवशी ती पहिल्यांदा खट्टू झाली. शेठनी आंब्यांचंही वर्णन केलं. त्यांच्या तोंडून ते बेट इतकं छान वाटलं की मलाच पुन्हा जावंसं वाटलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काव्याने आम्हाला ऑफिसात बोलावलं. टेबलावर दोन कागद एकीकडे आणि एक कागद दुसरीकडे होता.

“मॅम अँड माहनूर, काँग्रॅच्युलेशन्स, रिन्यूअल अप्रूव्ह्ड. सर...” तिने तो एकटा कागद पुढे सरकवला. “सर, तुमची एंट्री एक ऑगस्ट आहे, एक्झिट चार ऑगस्ट. फोर डेज. पाच तारखेला डेडलाइन संपली.”

“चूक आहे,” शेठ म्हणाले. “मी पाचला निघालो. नोमानला विचार.” आणि खरंच, अल्लाची शपथ, त्यांनी मनगट उचलून घड्याळ काव्याच्या तोंडासमोर धरलं. “या घड्याळात पाच तारीख होती. मी स्वतः बघितली. हिला पण दाखवली.”

मला ते सोंग आठवलं आणि मी ओठ चावला.

“सर,” काव्या हळू आवाजात म्हणाली, “आयलंडची डेट आयलंडच्या टाइमने असते.”

शेठ बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून शेठ उतरला आणि एकसष्ट वर्षांचा मुश्ताक परकार खुर्चीत उरला. भारताचा पासपोर्ट परत केलेला. बेटाचा डिसेंबरअखेर संपणारा, पुढे नवा नाही. त्यानंतर व्हिसा नाही, लायसन्स नाही, शेड नाही. बाजूच्या रांगेत उभं राहायलाही हातात काहीतरी लागतं.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं होतं.”

“एकदाच सांगितलंस!”

काव्याने कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसलं. मला वाटलं होतं मला राग येईल, पण आला नाही. लाज वाटली, आणि त्या लाजेखाली थोडा आनंदही होता, खोटं कशाला बोलू. माझं सांगणं दोनदा असतं, तेव्हाच ते मोजलं जातं, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं.

“दुसरा काही रस्ता?” मी काव्याला विचारलं.

“आहे, मॅम. सिटिझनचा हजबंड म्हणून. तुम्ही मेन ॲप्लिकंट, सर डिपेंडंट. तुम्ही स्पॉन्सर लेटर द्यायचं, आणि पुन्हा फाइव्ह डेज, या वेळी तुमच्यासोबत, तुमच्या ॲड्रेसवर. डिसेंबरच्या आधी.”

तिने फॉर्म छापून आणला. वर माझं नाव, खाली अवलंबित म्हणून त्यांचं. त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती मी मोठ्याने वाचली. बेटावरच्या मुक्कामात अवलंबित व्यक्तीला काम करण्यास परवानगी नाही. ती ओळ मी सव्वीस वर्षं माझ्या नावाखाली वाचत आले होते. शेठनी ती पहिल्यांदाच ऐकली.

“म्हणजे फोन पण नाही?” ते म्हणाले.

“फोन नाही. आणि सकाळी मिस ऑर्लीनना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. सकाळी.”

त्यांनी पेन घेतलं आणि जिथे काव्याने खूण केली होती तिथे सही केली. नेहमीची ऐटबाज सही, फक्त या वेळी थोडी लहान आली. मग त्यांनी घड्याळ मनगटावरून काढलं आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवलं. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता. त्या पट्ट्याकडे बघून मला भरून आलं. मी घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि माझी सही केली, स्पॉन्सर, जहांआरा परकार.

“कधी निघायचं?” त्यांनी विचारलं. आवाज इतका खाली की मला ऐकायला वाकावं लागलं.

“तारीख मी ठरवते आणि सांगते,” मी म्हटलं. “पण एकदाच सांगेन.”